ब्युटेनॉलचा कोरा रकाना

३ मार्च, सोमवार

ब्युटेनॉल! जन्मात पहिल्यांदा लिहिला हा शब्द. दोनदा खोडून.

सकाळी ताईच्या शाळेतून मोठ्या बाईंचा फोन. ताईची प्रयोगपुस्तिका छापायला जायची अडलीये. तिच्या खणात हस्तलिखित सापडलं. एकवीस प्रयोग, सगळे पुरे, फक्त चौदाव्यात एक रकाना कोरा. वेगवेगळी अल्कोहोलं जाळून किती उष्णता मिळते त्याची तुलना. मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल – तिघांचे आकडे आहेत. चौथ्याच्या, म्हणजे या ब्युटेनॉलच्या, रकान्यात नुसत्या रेघा. "घरी एखादी कच्ची वही असेल तर बघता का?" म्हणाल्या.

घरी काही नाही. ती गेल्यावर तिच्या दोन्ही खोल्या मीच आवरल्या. बारा साड्या, चष्म्याची चार रिकामी घरं, आणि भिंतभर पुस्तकं. वही नाही. तेच सांगायला दुपारी शाळेत गेले, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिची खुर्ची बघायची होती.

खुर्चीवर नवीन बाई बसली होती. कडक इस्त्रीची. म्हणते कशी, "त्यात काय एवढं, मी गणित करून टाकते एक आकडा. कोण बघतंय?"

माझं डोकंच फिरलं. ताईने तेहतीस वर्षांत पुस्तकातला आकडा उतरवणाऱ्या एकाही मुलीला शून्याच्या वर मार्क दिला नाही. पालक भांडायला आले तरी नाही. "डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा" – हे तिचं वाक्य शाळेतल्या शिपायालाही पाठ. आणि तिच्याच पुस्तकात बनवलेला आकडा?

"मी आणते आकडा," मी म्हटलं. तोंड आधी चालतं माझं, डोकं मागून येतं. मी शिंपीण! नववीत विज्ञानाला रामराम ठोकलेली!

४ मार्च

कोटाच्या बाह्या उलट्या लावल्या. उसवत बसले दिवसभर.

६ मार्च, गुरुवार

दुकान तीनला बंद करून प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मावशी वाटच बघत होत्या. सव्वीस वर्षं त्या खोलीत बाटल्या धुताहेत. मला म्हणतात "धाकट्या बाई". ताईच्या माघारी मला असं म्हणणारं कुणी उरलं असेल असं वाटलं नव्हतं. जरा वेळ खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मग मावशींनी समजावलं. तांब्याच्या डब्यात शंभर मिली पाणी. त्यात थर्मामीटर. दिव्यात अल्कोहोल, वरून वात. पेटवण्याआधी दिवा काट्यावर ठेवून वजन लिहायचं. मग डब्याखाली ठेवून पेटवायचा. पाणी हलवत राहायचं. वीस अंशांनी तापलं की दिव्यावर टोपण घालून विझवायचा – फुंकायचा नाही! पुन्हा वजन. जेवढं घटलं, तेवढं जळलं. कमी जळून पाणी तेवढंच तापलं, तर त्या अल्कोहोलात उष्णता जास्त.

"म्हणजे कमी कापडात तेवढाच माणूस झाकला," मी म्हटलं. मावशी हसल्या. "बाईंना सांगायला हवं होतं हे. मुलींना लगेच कळलं असतं."

ताई हसली असती का? हसली असती. आधी चष्मा पुसला असता.

ब्युटेनॉलला वास असा की कपाळ धरतं. ज्योत पिवळी, आणि डब्याच्या बुडाला काजळी जमते. ती प्रत्येक वेळी खरवडायची, नाहीतर पुढचा आकडा बिघडतो. थर्मामीटर मावशींनी वाचला, मी लिहिलं. तीनदा केलं. ०.४९, ०.५१, ०.५० ग्रॅम.

आला ना आकडा! येताना शाळेच्या पायऱ्या एकेक सोडून उतरले, या वयात.

७ मार्च, शुक्रवार

चुकलं सगळं.

नवीन बाईने माझा कागद ताईच्या तक्त्याशेजारी ठेवला आणि पेनाने टकटक केलं. ताईचे आकडे – मिथेनॉल ०.६२, इथेनॉल ०.४७, प्रोपेनॉल ०.४१. उतरत जायला हवेत. ब्युटेनॉल चौथं, म्हणजे ०.४१च्याही खाली. माझं ०.५०!

"हात बसलेला नसतो ना तुमचा. ०.३७ लिहा, अगदी सुंदर बसतं."

सुंदर बसतं म्हणे. माप घेताना पोट आत ओढून उभी राहणारी गिऱ्हाइकं असतात माझ्याकडे. तेच माप धरलं तर कागदावर सुंदर बसतं. कपडा घालायला गेलं की बटण लागत नाही.

लिहिलं नाही. पुन्हा करणार.

८ मार्च, शनिवार

शनिवार लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

वीस वर्षं दर शनिवारी ताई माझ्याकडे जेवायला यायची. माझा नवरा गेला त्या वर्षी सुरू झालं आणि मग आपसूक चालू राहिलं. शाळा सुटली की थेट दुकानात. मी मशीनवर, ती कापडांच्या ढिगावर बसून मुलींच्या वह्या तपासायची, मोठ्याने वाचून दाखवायची, आम्ही दोघी खिदळायचो. आईला म्हणे नेहमी वाटायचं की आमचं पटत नाही. पटायचं नाहीच. म्हणून तर मजा यायची.

ऑक्टोबरात बंद झालं. "शनिवारी प्रयोग आहेत, पुस्तिकेचे." एक शनिवार, दोन, चार. मी डबा पाठवला तर परत आला. शेवटी फोनवर बोलले मी – "बाई गं, तुझे दिवेच तुझे सख्खे! मी काय, आहे चिंधी पडलेली!" ती भांडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचाच राग आला जास्त.

आणि मग जानेवारीत ते. लिहूनच टाकते. वह्यांच्या दुकानासमोर ती समोरून आली. दहा पावलांवर. मी पिशवीसकट हात वर केला. तिने माझ्याकडे सरळ बघितलं – सरळ! – आणि शेजारून निघून गेली. परक्या बाईला द्यावी तशी बाजू दिली मला.

मी हाक मारली नाही. मी का मारू?

त्यानंतर तिचे तीन फोन आले. दोन उचलले नाहीत. तिसरा उचलून "गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवला. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

अकरा फेब्रुवारीला शाळेसमोर रस्ता ओलांडताना तिला गाडीने उडवलं. गाडीवाला रडत सांगत होता, "बाई माझ्याकडेच बघत होत्या हो, तरी पुढे आल्या." तेव्हापासून मला एकच दिसतं – माझ्या न बोलण्याने तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डॉक्टर, शेजारी, मोठ्या बाई सगळ्यांनी सांगितलं तसं काही नसतं म्हणून. त्यांना फोनचं ठाऊक नाही.

तो आकडा मी आणणार आहे. तिच्यासाठी आता एवढंच हातात आहे माझ्या.

९ मार्च

दुकान उघडलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज महिना झाला. घरात बसवेना, प्रयोगशाळेत गेले.

माझा हात वाईट आहे की काय ते बघायला मावशी म्हणाल्या, बाईंनी केलेलंच एक करून बघू. प्रोपेनॉल केलं. ताईचं ०.४१. आमचं ०.५३. इथेनॉल केलं. ताईचं ०.४७, आमचं ०.६०. खिडक्या लावून केलं, पुठ्ठ्याचा आडोसा धरून केलं. तेच. निम्म्याहून जास्त उष्णता पाण्यात न जाता खोलीतच जाते, मावशी म्हणाल्या, नवीन खिडक्या बसल्यापासून फटीतून वारा येतो. "बाईंचे हे असे आकडे पूर्वी यायचे. चार-पाच वर्षांपूर्वी."

मी ताईचं हस्तलिखित पुढे ओढलं. अक्षर केवढालं! जाड पेनाने, दोन-दोन ओळी सोडून. ताईचं अक्षर मुंगीएवढं असायचं. म्हटलं छापखान्यासाठी काढलं असेल मोठं.

तारखा घातलेल्या – १४ डिसेंबर, २१ डिसेंबर, ४ जानेवारी. तिन्ही शनिवार. पाण्याचं सुरुवातीचं तापमान – २७, २७, २७.

"मावशी, आज नळाचं पाणी किती होतं?"

"बावीस."

मार्चात बावीस. आणि डिसेंबरात सत्तावीस? डिसेंबरात दुकानातल्या नळाखाली हात धरला की माझी बोटं अर्धा तास सुई धरत नाहीत! कोमट करून घेतलं असेल म्हणावं, तर तिनेच वर लिहिलंय – "नळाचे ताजे पाणी घ्यावे."

मावशी डबा घासायला लागल्या. घासलेलाच होता तो.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या या. आज नको, महिन्याच्या दिवशी नको."

चोर ती माझी ताई? बनवलेले आकडे, ताईचे? मग शनिवारी होती कुठे ती? मला सोडून, डबा परत पाठवून, कुठे जात होती? कुणी माणूस होता का? असता तर मला आनंदच झाला असता, सतावून मारलं असतं तिला. आज मात्र राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

तिला दिसत नव्हतं.

मावशींनी एका दमात सांगितलं, डोळे डब्याकडे ठेवून. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. मधोमध डाग यायचा, कडेकडेने दिसायचं. जे बघायला जावं नेमकं तेच गायब. गेल्या पावसाळ्यापासून वाढत गेलं. थर्मामीटर नाकाला टेकवायची. मग एकदा मिथेनॉलचा दिवा विझला समजून उचलायला गेली. मिथेनॉलची ज्योत उजेडात चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. दोन बोटं भाजली. त्या दिवशी मावशींना म्हणाली, "मावशी, आता मी पेटवायचं नाही."

"मी म्हटलं, मी वाचते पारा, तुम्ही लिहा. तर म्हणाल्या, मुलींना मी काय सांगितलं आयुष्यभर? डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. माझ्या डोळ्यांना दिसत नाही, मी कसं लिहू? आणि मग एका सोमवारी स्टुलावर बसून लिहिलंन सगळं. आठवणीतनं. रडत होत्या. ब्युटेनॉलला हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, बास, एवढं पाप पुरे."

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. कळलं असतं तर वर्ग काढून घेतले असते. म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं. वर्गात कोण आलं ते आवाजावरून ओळखायची. मावशी दारातच खाकरायच्या, तिला कळावं म्हणून.

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

"तुमचं तर नावच काढू द्यायच्या नाहीत त्यात. धाकटीला कळता कामा नये, म्हणायच्या. का, ते नाही सांगितलं."

शनिवारी अंधांच्या शाळेत जायची. मोठ्यांचा वर्ग असतो तिथे, उठावाच्या टिंबांवर बोट फिरवून वाचायला शिकवतात. मावशी बसमध्ये बसवून द्यायच्या. सत्तावन्न वर्षांची माझी ताई दप्तर घेऊन विद्यार्थिनी म्हणून जायची, आणि मी इकडे तिचा परत आलेला डबा आपटत होते.

म्हणजे वह्यांच्या दुकानासमोर तिने माझ्याकडे बघितलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी नव्हतेच. मी दहा पावलांवर हात वर करून उभी होते, आणि नेमकी त्या डागात.

आवाज दिला असता तर ओळखलं असतं तिने.

१३ मार्च

एक हाक. एवढंच होतं करायचं. ताई गं, म्हणायचं.

१४ मार्च, शुक्रवार

मावशींचा हेवा वाटतो. लिहायला लाज वाटते, पण वाटतो. त्यांनी तिला धरून बसमध्ये चढवलं. त्यांनी तिच्या बोटांना मलम लावलं. मी काय केलं, तर फोन ठेवला.

आज त्यांना म्हटलं तसं. म्हणाल्या, "मी परकी, म्हणून तर मला सांगितलं. आपल्या माणसापुढे आंधळं व्हायला धीर लागतो." मग म्हणाल्या, "चला, चारही नव्याने करू." मी म्हटलं, का? म्हणाल्या, "मग काय, त्यांचे ते असेच छापायचे?"

मी विचारच केला नव्हता. मला ब्युटेनॉलचा एक रकाना भरायचा होता. पण ०.४१ छापलं की दरवर्षी कुठल्यातरी मुलीचं ०.५३ येणार. ती म्हणणार माझंच चुकलं, आणि खोडून ०.४१ लिहिणार. ताईच्या पुस्तकापायी!

आणि खरं सांगितलं तर? तर इस्त्रीवाली गावभर करील, मोठ्या बाई हळहळतील, आणि तेहतीस वर्षं शून्य देणारी बाई स्वतः आकडे बनवायची, एवढंच उरेल तिचं.

१५ मार्च, शनिवार

मिथेनॉल. पडदे ओढून केलं, ज्योत दिसावी म्हणून. अंधारात फिकट निळी दिसते, जेमतेम. ती विझली की नाही कळेना म्हणून मावशींनी वर कागदाचा कपटा धरला. चुरचुरला. मी हात मागे घेतला. ताईने घेतला नव्हता.

०.७८, ०.८०, ०.७९.

आज त्या अंधांच्या शाळेत जायचं मनात होतं. पाय उचलला नाही.

१७ मार्च

इथेनॉल ०.६१, ०.५९, ०.६०.

दोन गिऱ्हाइकं कावली आहेत. कावू देत.

१९ मार्च, बुधवार

प्रोपेनॉल ०.५३, ०.५२, ०.५४. ब्युटेनॉल पुन्हा – ०.५०, ०.५०, ०.४९. उतरत गेले! कुणी न ढकलता, आपापले. मिथेनॉल सगळ्यात जास्त जळतं आणि सगळ्यात कमी देतं, ब्युटेनॉल सगळ्यात कमी जळून सगळ्यात जास्त देतं. पुढे सरकताना फरक कमी कमी होत जातो. ताईचेही असेच उतरत गेले होते. आकडे चुकले तिचे, चढउतार एकही चुकला नव्हता. हे बघून मी आणि मावशी दोघी त्या काळ्या डब्यासमोर बसून रडलो. मावशींच्या गालाला काजळी लागली, ती मी पदराने पुसली.

पाण्याचं तापमान जसं होतं तसं लिहिलं. बावीस, तेवीस, बावीस, तेवीस.

२० मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंना कागद दिला. म्हटलं, हा ताईचा पक्का तक्ता, आधीचा कच्चा होता. तारखा घातल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मिळाली वाटतं वही?" मी म्हटलं, "मिळाली." इस्त्रीवालीने कागद उचलून बघितला, आकडेमोड करून पडताळला, आणि म्हणाली, "हो, हे खरे वाटतात. ते पहिले जरा जास्तच चांगले होते." बाई हुशार आहे म्हणायची.

खोटं बोलले का मी? बोलले. आकडे खरे आहेत आणि नाव खोटं आहे. पुस्तकावर ताईचंच नाव राहील. तिचं जुनं पान माझ्या कपाटात आहे, कुणाला देणार नाही.

मावशींना विचारलं, तुमचं नाव घालू का आत कुठे? म्हणाल्या, "नको. काजळी खरवडायचं तेवढं ठळक छापा. मुली विसरतात."

पण "धाकटीला कळता कामा नये" हे का? तेवढंच राहिलंय. मावशींवर तिचा विश्वास होता, बसच्या वाहकावर होता, माझ्यावर नव्हता? मी एवढी वाईट होते का? परवा जाणार आहे त्या अंधांच्या शाळेत.

२२ मार्च, शनिवार

जाऊन आले. शिकवणाऱ्या बाई स्वतः अंध आहेत. हजेरीत ताईच्या खाली माझं नाव घातलेलं होतं, ऑक्टोबरपासून. म्हणाल्या, "त्यांनीच घालून ठेवलं. म्हणायच्या, हे दुखणं आमच्या घरातलं आहे. धाकटीने मला कोट शिवून दिला, त्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं तर वाकडी लागली. तिची शिवण कधी वाकडी नसते. सुईवर पोट आहे तिचं, आत्ता सांगितलं तर हाय खाईल. आधी मी शिकते, मग तिला मीच शिकवीन, दुसऱ्या कुणापुढे ती बसायची नाही."

खरं आहे. ऑगस्टपासून मला सरळ रेघ मधोमध वाकलेली दिसते. हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.